अविवाहित उपासिका आणि आपला समाज
(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी वधू-वर परिचय मेळाव्याची घोषणा होते. आज आम्ही त्या मेळाव्यात नाव न नोंदविलेल्या बायांविषयी बोलणार आहोत. आम्ही म्हणजे याच भंडारा जिल्ह्यातील चौघी मैत्रिणी. कुणी बँकेत कारकून, कुणी शिक्षिका, कुणी परिचारिका. चाळिशी ओलांडली. लग्न केले नाही, मुले नाहीत. कुणी फसविले म्हणून नव्हे, हुंड्यापायी अडले म्हणूनही नव्हे. आम्हाला असेच राहावयाचे होते.

सुपात पाने-तंबाखू घेऊन, हजाराच्या हिशेबाने विड्या वळून आमच्या आयांनी आम्हाला शिकविले. पदवी मिळाली तेव्हा वस्तीने पेढे वाटले. पण लग्नास नाही म्हटले तेव्हा तीच वस्ती विचारू लागली, "म्हातारपणी पाणी कोण देईल?" बंधूंनो, भरल्या घरातील किती म्हाताऱ्यांना वेळेवर पाणी मिळते, हे आपण सर्वच जाणतो.

हा विचार आम्ही कुठून उसना आणलेला नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. तेथे बाबासाहेबांनी मुलींना सांगितले, की लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि लग्न केलेच तर नवऱ्याची दासी होऊ नका, बरोबरीची मैत्रीण व्हा. घटस्फोटाच्या हक्काची मागणी याच परिषदेने केली. त्याआधी १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्याच पक्षाने आणला होता. तो फेटाळला गेला.

नाशिकच्या शांताबाई दाणी आजन्म अविवाहित राहिल्या. दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने त्यांनी चळवळ केली, मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या, विधान परिषदेत त्या गेल्या. २००१ साली त्यांचे निधन झाले. त्यांना मूल नव्हते, पण "ताई" म्हणणाऱ्या मुली किती होत्या! तिकडे अमेरिकेत नॅनी हेलन बरोज या काळ्या स्त्रीने १९०९ साली वॉशिंग्टनला काळ्या मुलींसाठी शाळा काढली. त्यांनीही लग्न केले नाही. आणि आपल्या थेरीगाथेतील मुक्ता थेरी तर उखळ, मुसळ आणि नवरा या तिन्हींपासून सुटल्याचा आनंद सांगते. आम्ही चीवर घेतलेले नाही, थेरींशी बरोबरी करीत नाही. एवढेच म्हणतो, की लग्नावाचून जगणारी बाई आपल्या परंपरेस परकी नाही.

आता मुख्य गोष्ट. एकट्या बाईचा पगार हा साऱ्या घराचा गल्ला समजला जातो. आमच्यातील एकीने कर्ज काढून घर बांधले. प्लॉट भावाच्या नावे होता. हप्ते हिचे, घर त्याचे. पुढे पुतण्याचे लग्न ठरले आणि हिला खोली पाहावी लागली. घरमालक विचारीत, "मालक काय करतात?" मालक नाहीत म्हटले की खोलीही नाही.

म्हणून बँकेच्या काउंटरवर बसून शिकलेले चार शब्द मुलींना सांगतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ आपणा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क आहे, लग्न होवो वा न होवो. खात्यावर नामनिर्देशन करा. पण नामनिर्देशित व्यक्ती मालक होतेच असे नाही. ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते. अविवाहित बाई मृत्युपत्राविना वारली तर तिची मिळकत आईवडिलांकडे, ते नसल्यास वडिलांच्या वारसांकडे जाते. वसतिगृहाला, मैत्रिणीला किंवा सेवा करणाऱ्या भाचीला काही द्यावयाचे असेल, तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. आणि ज्या घराचे हप्ते भरता, त्याच्या कागदावर आपले नाव आहे की नाही, ते आधी पाहा.

मंडळास आमची नम्र विनंती आहे. सभासदत्वाच्या फॉर्मवर "पतीचे नाव" हा रकाना आहे. आम्ही तेथे रेघ मारतो आणि कारकून वर पाहतो. तो रकाना काढावा. कुटुंबप्रमुख म्हणून एकट्या बाईचे नाव लिहावे. आणि आजारपणात एकमेकींकडे जाणाऱ्या बायांचा एक गट मंडळाने बांधावा.

मुलींनो, लग्न करू नका असे आम्ही सांगत नाही. करा, तर आपल्या मर्जीने करा. नाही केले, तर मान खाली घालू नका. "अत्त दीप भव" हे वचन आपण दर रविवारी विहारात म्हणतो. ते मुलींनाही लागू आहे.