जीर्णोद्धार कोणासाठी?
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या व्यासपीठावर पाचारण केले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेलेले. वास्तुशास्त्राचा वा कलेचा अधिकार आम्ही सांगत नाही. तथापि आपल्या जुन्या विद्यार्थिवसतिगृहाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न आज सभेपुढे आहे. ते पाडून जागा बिल्डरच्या हवाली करावी, अशी सूचना आलेली आहे. निर्णय होण्यापूर्वी अशाच एका जुन्या वास्तूची हकिकत आपल्या कानी घालावी, एवढाच आमचा हेतू.

मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८६२ साली त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. डॉ. भाऊ दाजी लाड व नाना शंकरशेट यांनी पुढाकार घेतला. जमशेटजी जीजीभाई आणि डेव्हिड ससून यांसारख्या धनिकांनी हात दिला. पुढे १८६५ साली शेअरबाजार कोसळला, देणग्यांचा ओघ आटला आणि काम रखडले. अखेर सरकारच्या साहाय्याने ते पुरे होऊन १८७२ साली संग्रहालय लोकांस खुले झाले. प्रारंभी त्यास व्हिक्टोरिया राणी व तिचे पती आल्बर्ट यांचे नाव होते. भाऊ दाजींचे नाव १९७५ साली देण्यात आले. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हिंदू, पारशी, यहुदी अशा निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांनी मिळून ही वास्तू उभी केली. आपापल्या लोकांपुरती नव्हे, तर साऱ्या शहरासाठी.

आता आमचा स्वतःचा एक अपराध सांगतो. आम्ही वर्षानुवर्षे शाळेच्या सहली राणीच्या बागेत नेल्या. मुलांना हत्ती दाखविला, माकडे दाखविली, झाडाखाली बसून शिदोऱ्या सोडल्या; परंतु शेजारच्याच त्या इमारतीच्या पायऱ्या आम्ही एकदाही चढलो नाही. जुन्या वास्तू पावसाने खचतात हे खरे. पण आपल्यासारख्यांनी पाठ फिरविली की त्या अधिक लवकर खचतात.

२००३ साली मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली जुने रंग शोधून काढण्यात आले, छतावरील नक्षीस सोन्याचा वर्ख पुन्हा चढला, सागवानी कपाटे दुरुस्त झाली, संग्रहातील वस्तूंवर उपचार झाले. २००५ साली या कामास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा-संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली दारे पुन्हा उघडली. एवढ्यावर थांबले असते तर ती केवळ रंगविलेली पेटी ठरली असती. पुढे सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया यांसारख्या आजच्या कलावंतांनी आपल्या कलाकृती त्या जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात मांडल्या. जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पुरा झाला तो तेव्हा.

दारे उघडल्यानंतर आम्ही एकदाची सहल आत नेली. आमच्या वर्गात कुंभाराची एक मुलगी होती. वर्गात ती तोंडातून शब्द काढीत नसे. मुंबईच्या कलाशाळेत घडलेली जुनी मातीची भांडी काचेआड मांडलेली पाहून ती थबकली आणि म्हणाली, "गुरुजी, हे तर आमच्या घरी करतात!" त्या दिवशी तिने साऱ्या वर्गास चाक कसे फिरते, भट्टी कशी लावतात, हे समजावून दिले. आम्ही तिला चार वर्षांत जे देऊ शकलो नव्हतो, ते त्या दालनाने तासाभरात दिले.

आता आपल्या वसतिगृहाविषयी. आपल्या वाडवडिलांनी गावोगाव फिरून वर्गणी जमवून ते बांधले. आता तेथे राहावयास मुले येत नाहीत, हे मान्य. म्हणून ते पाडलेच पाहिजे काय? आमची सूचना अशी की, प्रथम छप्पर शाकारावे, मग भिंती पाहाव्यात. आणि त्या चुन्यानेच दुरुस्त कराव्यात. जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिला तर आतील ओल बाहेर पडावयास वाट राहत नाही आणि भिंत आतून कुजते. खालचे मोठे दालन चित्रांच्या, शिल्पांच्या आणि शाळकरी मुलांच्या हस्तकलेच्या प्रदर्शनांसाठी मोकळे ठेवावे.

काही वडीलधारी मंडळी विचारतील, "आपल्या पैशाची वास्तू परक्यांस का द्यावी?" त्यांस आमचा नम्र प्रतिप्रश्न आहे : त्या वसतिगृहात शिकून आपण जे शिक्षक, डॉक्टर, कारकून झालो, ते केवळ ज्ञातीच्या मुलांना शिकविण्यासाठी आणि ज्ञातीच्याच रोग्यांना तपासण्यासाठी झालो काय? वाडवडिलांनी आपणांस घराबाहेर पडावयास शिकविले. त्यांच्या वास्तूचे दार आपण आतून लावून घ्यावे, हे त्यांच्या स्मृतीस शोभणारे नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. तो खरा आहे आणि त्यास केवळ भाषण हे उत्तर नव्हे. भाऊ दाजींच्या काळीही काम अडले होते. दहा वर्षांनी का होईना, ते पुरे झाले. आपण एका दालनापासून प्रारंभ करू. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनाची एका महिन्याची रक्कम आम्ही आजच चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत. सभेने पाडण्याचाच ठराव केला, तरी ती परत मागणार नाही. मात्र ती छपराच्या कौलांसाठी दिली होती, एवढी नोंद वहीत राहू द्यावी.