बचावाचं ब्लेड

श्रोतेहो, शेंद्र्याच्या एमआयडीसीत शिफ्ट आटोपून टेबल टेनिस खेळणारे, त्यातही मागे सरून चॉप करत समोरच्याला दमवणारे जे कुणी असाल, आजचं बोलणं तुमच्यासाठी.

ब्लेड म्हणजे बॅटचं रबराखालचं लाकूड. नियमाप्रमाणे जाडीचा 85 टक्के भाग अस्सल लाकूडच लागतो. उरलेल्यात कार्बन वगैरे चालतं. बचाव करणाऱ्याने कार्बनच्या नादी लागू नये. मऊ लाकडाचं, संथ आणि पान जरा मोठं असलेलं ब्लेड घ्यावं. चॉप करताना चेंडू हाताला कळतो. एका बाजूला लाँग पिंपल असेल, तर रॅली चालू असतानाच बॅट फिरवावी लागते. तिथे सरळ मूठ सोयीची.

जुनं रबर सोलून नव्या ब्लेडवर लावायचा बेत असेल, तर आधी मापून बघा. मोठ्या पानावर ते कडेला तोकडं पडतं, आणि नेमका कडेचा चेंडू दगा देतो.

दक्षिण कोरियाचा जू से ह्युक 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत चॉप करतच अंतिम फेरीत पोचला. पण संधी दिसली की तो फोरहँडने तुटून पडायचा. तेव्हा अगदीच मेलेलं लाकूडही नको.