नावाच्या शेवटचे 'नाक'
(शिरूर येथील भाषण)



ज्या शिरूर गावी आपण जमलो आहोत, तेथील छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री एक पलटण निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावास लढली. तेथील विजयस्तंभ आपणांस परिचित आहेच. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी त्यास भेट दिली होती. त्यावर कोरलेली नावे लक्षपूर्वक वाचा. त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस 'नाक' हे पद आहे. खर्ड्याच्या लढाईतील शिदनाक आपण जाणताच. आज आपल्या मुलांच्या नावांत हे पद उरलेले नाही. मग ते आले कोठून?

एक मत असे की, 'नाक' हे 'नायक' या शब्दाचे झिजलेले रूप होय. नायक म्हणजे पुढे नेणारा. मध्ययुगात हा शब्द दक्षिणेत सर्वत्र मानाचा होता. कन्नड व तेलुगू मुलखांत काकतीय आणि विजयनगरचे सेनानी नायक म्हणवीत. दख्खनच्या किल्ल्यांवरील पहारेकरी नाईकवाडी म्हणून ओळखले जात. आजच्या भारतीय सैन्यातही नाईक हा हुद्दा आहे. दुसरे मत 'नाक' हे 'नाग' शब्दापासून आले असे मानते. नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले होते.

आता याच पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या लेण्याकडे चला. चैत्यापुढे सिंहस्तंभ उभा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्यावरील प्राकृत लेखात दात्याचे नाव आहे महारठी अग्निमित्रणक. तेथेही नावाच्या शेवटी 'णक' आहे! केवळ ध्वनी जुळला म्हणून वंश जुळत नाही. असा दावा आपण करू नये. परंतु बुद्धाला स्तंभ अर्पण करणाऱ्या अधिकारी पुरुषाच्या नावास असे पद शोभत होते, एवढे तो दगड निर्विवाद सांगतो.

मग त्या पदाचे गावाने काय केले? शिदनाकाचा शिद्या केला, रामनाकाचा राम्या केला. मानाचे पद गळाले आणि त्या जागी तुच्छतेचा 'या' चिकटला. माणसाचे नाव तोडणे हे त्याचा मान तोडण्याचेच साधन होय.

जुने पद पुन्हा लावा, असे मी म्हणत नाही. आपला मान आता पूर्वजांच्या पदवीवर अवलंबून नाही. परंतु आपल्या मुलांची नावे विचारपूर्वक ठेवा, शाळेच्या दाखल्यावर पूर्ण लिहवा, आणि घरातही मुलास पूर्ण नावानेच हाक मारा. जे घरात तोडले जाणार नाही, ते बाहेर तोडण्याचे धाडस कोणास होणार नाही.

जय भीम!