मूलपेशींचा कस



गुरुवर्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाचा मान मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. विषय माझ्या वैद्यकाचा असला, तरी दृष्टान्त आपल्या लष्करच्या सराफा बाजारातला घेतो. जाणता सराफ झळाळीवर विसंबत नाही. कसोटीच्या दगडावर तो रेघ ओढतो आणि शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढून दोन्ही ताडून पाहतो. ही शेजारची रेघ हाच वैद्यकीय चाचणीचा प्राण होय.

हृदयविकाराच्या झटक्यात हृद्‌रोहिणी बंद पडते, तिच्यावर जगणारा स्नायू मरतो आणि त्या जागी व्रण उरतो. अस्थिमज्जेतील मूलपेशी तेथे नवा स्नायू घडवितात, असे प्रतिपादन २००१ साली उंदरांवरील प्रयोगांवरून झाले. त्याच सुमारास जर्मनीत रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी नळीवाटे हृद्‌रोहिणीत सोडण्यास आरंभ झाला.

हानोव्हर येथील ६० रुग्णांच्या ‘बूस्ट’ चाचणीचे फलित २००४ साली प्रसिद्ध झाले. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातील रक्ताचा किती हिस्सा बाहेर फेकतो, हे तीत मोजले होते. सहा महिन्यांत तो हिस्सा पेशी दिलेल्यांत ६.७, तर न दिलेल्यांत अवघा ०.७ टक्क्यांनी वाढला. आशा पल्लवित झाल्या. परंतु अठरा महिन्यांनी दोन्ही गटांत गणण्याजोगे अंतर उरले नाही.

आपल्या देशातही २५० रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ही वाढ पेशी दिलेल्यांत ४.८२ आणि न दिलेल्यांत ५.१७ टक्के होती. म्हणजे नेहमीच्या उपचारांनीही हृदय जवळजवळ तेवढेच सावरले. शेजारची रेघ नसती, तर ४.८२ हा आकडा चमत्कार म्हणून मिरवला गेला असता! युरोपातील ‘बामी’ चाचणीत ३००० रुग्ण घेण्याचा संकल्प होता, मिळाले ३७५. त्यामुळे मृत्यू टळतात की नाही, याचा निर्णय २०२० च्या अहवालालाही देता आला नाही. उंदरांवरील मूळ दावा तर २००४ सालीच अन्य प्रयोगशाळांच्या पडताळणीत टिकला नव्हता. त्याचे प्रमुख पुरस्कर्ते पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतील ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्डने २०१८ साली केली.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. सराफ्यात दागिने घडवायला येणारे असतात, तसे घरच्या दुखण्यापायी ते मोडायला येणारेही असतात. खचलेल्या कुटुंबाला ‘हृदय नवे होईल’ असे सांगून पैसे घेणे हा उपचार नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांतील मान्य रोपण सोडल्यास मूलपेशींचा रुग्णांवरील वापर चाचणीतच व्हावयास हवा. म्हणून विचारा: ही चाचणी नोंदविलेली आहे काय? तुलनेचा गट आहे काय? असल्यास रुग्णाकडून शुल्क कशाचे? आणि छातीत कळ येताच विनाविलंब रुग्णालय गाठा. बंद रोहिणी लवकर उघडणे आणि पुढे नियमित औषधे घेणे, हे उपचार कसाला उतरलेले आहेत.

संशोधन थांबावे, असे माझे म्हणणे नाही. नकारार्थी उत्तर देणारी प्रामाणिक चाचणीही पुढच्या रुग्णाचे रक्षण करते. ‘कशावरून?’ असे विनयाने पण ठामपणे विचारण्याचे धैर्य शिक्षणाने द्यावे. गुरुवर्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.