विहिरीवरचा प्रश्न



देवाची खरी उपासना कोणती, असा प्रश्न निघाला की माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाला मोठमोठी चर्चे आठवावीत. मला मात्र एक विहीर आठवते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ती आहे. शोमरोन प्रांतातलं सूखार गाव, भर दुपारची वेळ, प्रवासानं दमून विहिरीपाशी बसलेला येशू आणि एकटीच पाणी भरायला आलेली एक शोमरोनी बाई.

यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं. यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी पिणार नाही, अशी रीत. तरी येशू तिच्याकडे पाणी मागतो. १९२७ सालच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची हकिकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मागण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

बोलता बोलता तिच्या संसाराचा विषय निघतो. पाच नवरे झाले, आणि आता सोबत आहे तो नवरा नाही. येशू हे बोलून दाखवतो, पण तिला दटावत नाही. तेव्हा ती विचारते : आमचे पूर्वज या डोंगरावर भक्ती करायचे, तुम्ही यहुदी यरुशलेमचं नाव घेता, मग खरं ठिकाण कोणतं? हा डोंगर गरिज्जीम. त्यावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी सत्ताधीश योहान हिर्कानस यानं इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात पाडलं होतं. तेव्हा तिचा प्रश्न हा नुसता वाद नव्हता, ती एक जुनी जखम होती.

येशू दोन्ही ठिकाणांच्या पलीकडे बोट दाखवतो. पिता जागा पाहत नाही. भक्ती अंतःकरणातून आणि सत्यातून आली आहे का, हे पाहतो. इथे सत्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, ‘अलेथेइया’, त्याची फोड ‘जे झाकलेलं नाही ते’ अशी करतात. त्या बाईचं नेमकं तेच झालं होतं. तिचं झाकलेलं उघडं पडलं होतं, आणि तरीही समोरचा उठून गेला नव्हता. मग ती घागर तिथेच ठेवून गावात धावली. ज्या आयुष्याविषयी लोक कुजबुजत असतील, त्याचाच उल्लेख करून तिनं गावाला बोलावलं.

सत्यानं उपासना करायची म्हणजे पहिल्यांदा देवासमोर सोंग आणायचं नाही. माझे वडील गेल्यानंतर काही महिने आई दर रविवारी चर्चमध्ये यायची, पण गायची नाही. एरवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. “स्तुती करा, मन हलकं होईल,” असं कुणीतरी म्हणालं. आई म्हणाली, “आत्ता गायले तर ते खोटं होईल. देवाशी खोटं कशाला बोलू?” स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांतली कितीतरी गाऱ्हाणी आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरीही त्याला पवित्र शास्त्रात जागा मिळाली. मला वाटतं, आईचं ते गप्प बसणं त्याच पंक्तीतलं होतं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. इ. स. पूर्व आठव्या शतकातला आमोस संदेष्टा व्यापाऱ्यांचं एक चित्र काढतो. शब्बाथ कधी संपतो आणि धान्याचा बाजार कधी उघडतो, याची ते वाट पाहताहेत. माप लहान, तराजू खोटा. देह उपासनेत, मन काट्यावर! अशांची गाणी देवाला नकोशी होतात, असं आमोस स्पष्ट सांगतो. येशूनंही डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा. आधी त्याच्याशी समेट करा, मग या.

म्हणून चर्च नको, गाणं नको, असा याचा अर्थ नव्हे. येशू स्वतः सभास्थानात जात असे. चारचौघांत बसल्यानं श्रद्धेला आधार मिळतो. पण देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, आपण कुठेही जात असू, आत पाऊल टाकण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. आज मी देवापासून काय झाकून ठेवतो आहे? आणि बाहेर कोणाचं देणं बाकी आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एखाद्या माणसाचं नाव असेल, तर प्रार्थनेला थोडा उशीर झाला तरी चालेल. आधी त्याच्या घरी जाऊन यावं.