साखळी-करवतीचा दात आणि कापण्याचा वेग

30 मे 2022 रोजी दिल्लीवर आलेल्या वादळात जामा मशिदीच्या मधल्या घुमटावरील कळसाचा भाग तुटून पडला आणि शहरात ठिकठिकाणी वृक्ष उन्मळून रस्त्यांवर आडवे झाले. अशा वेळी वाहनांची रांग खोळंबलेली असते, मागे कोठेतरी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत असतो, आणि कामगाराच्या हातातील साखळी-करवत मात्र खोडावर नुसती घसरत राहते. पाहणाऱ्यांना वाटते की इंजिन दुबळे आहे. कामगार करवतीवर अंगाचा भार टाकतो. वस्तुतः दोष बहुधा साखळीत असतो, आणि कित्येकदा तो धारेतही नसतो.

हे समजण्यासाठी या साखळीच्या दाताची घडण पाहिली पाहिजे. जुन्या साखळ्यांचे दात हातकरवतीप्रमाणे लाकूड खरवडीत असत आणि त्यांना कानशीने धार लावण्यातच पुष्कळ वेळ जाई. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याचा लाकूडतोड्या जोसेफ बफर्ड कॉक्स याने 1946 मध्ये एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीउजवीकडे सहज लाकूड कुरतडीत होती. तिच्यावरून त्याने जो दात घडविला, त्याचेच वंशज आजही सर्वत्र वापरात आहेत.

या दाताचे दोन भाग असतात. मागे धारदार पाते आणि पुढे बोथट उंचवटा. या उंचवट्याला डेप्थ गेज म्हणतात. सुताराच्या रंध्यात जे काम तळ करतो, तेच येथे हा उंचवटा करतो. रंध्याचे पाते तळाबाहेर जितके काढावे, तितकी ढलपी जाड निघते. त्याचप्रमाणे पाते उंचवट्यापेक्षा जितके वर, तितका घास मोठा. हे अंतर अनेक प्रचलित साखळ्यांत सुमारे 0.65 मिलिमीटर असते. साखळी सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने धावते. म्हणून एवढ्याशा अंतरातील फरकही कापण्याच्या वेगात तत्काळ उमटतो.

आता मेख अशी की दाताचा माथा मागच्या बाजूस उतरता असतो. गोल कानशीने धार काढताना पाते मागे सरते आणि त्याबरोबर खालीही येते. पुढचा उंचवटा मात्र होता तेवढाच राहतो. अंतर घटत जाते. चार-पाच वेळा धार काढल्यानंतर पाते उत्तम तीक्ष्ण असूनही लाकडाला पुरेसे भिडत नाही. ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडू लागतो, पट्टी तापते, आणि कामगार पुन्हा धार काढावयास बसतो. त्याने वास्तविक मापपट्टी साखळीवर ठेवून तिच्यावर आलेला उंचवटा चपट्या कानशीने घासावयास हवा, आणि त्याची पुढील कड पूर्ववत गोलसर करावयास हवी.

घाईच्या कामात याउलट चूक अधिक घातक ठरते. वेग वाढावा म्हणून उंचवटे अदमासाने फार घासले जातात. मग दात झेपेपेक्षा मोठा घास घेतो, करवत हिसके देते, इंजिन अडखळते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यास तर करवत क्षणार्धात चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. उसळण्याचा हा धोका निर्दोष साखळीतही असतो. उंचवटे खाली गेले की तो वाढतो. मऊ लाकडात अंतर किंचित अधिक ठेवणे चालते, परंतु दिल्लीच्या कड्यावर माजलेल्या विलायती किकरासारख्या कठीण लाकडात ही मुभा घेऊ नये.

नवी दिल्लीच्या रस्त्यांवर विसाव्या शतकाच्या आरंभी लावलेली जांभळे आणि कडुनिंब आता थोराड झाले आहेत. रस्त्यालगतच्या अशा खोडांत पाट्यांचे खिळे आणि तारा रुतलेल्या असतात, सालीत माती भरलेली असते. एका खिळ्याने एका बाजूचे दात बोथटले आणि केवळ तेच घासून आखूड केले, की काप सरळ न जाता तिरपा वळतो व पट्टी अडकते. म्हणून सर्वांत आखूड झालेला दात प्रमाण धरून उरलेले सर्व दात त्याच्या लांबीचे करावे लागतात, आणि त्यानंतर प्रत्येकाचा उंचवटा पुन्हा मापावा लागतो. रस्त्यावर, गर्दीच्या देखत, एवढे करण्यास सवड नसते. त्यामुळे अनुभवी कामगार घासलेली व मापलेली दुसरी साखळी बरोबर ठेवतो आणि खिळा लागताच ती बदलतो.