अडलेला आठवडा



आज मी आपणांपुढे कोणत्याही गहन विषयावर बोलणार नाही. गेल्या महिन्यातील एका आठवड्याची हकीकत सांगणार आहे. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणी दगावले नाही, भिंत कोसळली नाही की चोरी झाली नाही. रोज काही ना काही अडले, इतकेच.

आम्ही उभयता बडोद्यास दांडिया बाजाराच्या मागल्या अंगाला एका जुन्या वाड्यात राहतो. आमच्या नळाला सकाळी जेमतेम पाऊण तास पाणी असते आणि त्या पाऊण तासावर आमचा सारा दिवस उभा असतो. सोमवारी मी नेहमीप्रमाणे पिंप धुऊन तोटी सोडली. नळाने खाकरल्यासारखा आवाज केला, दोन वेळा नुसता वारा सोडला आणि तो गप्प झाला. कोठेतरी मुख्य नळ फुटला होता. मंगळवारी भांडी घासणाऱ्या बेन आल्या नाहीत. बुधवारी भर दुपारी गेलेली वीज दिवेलागणीनंतर आली, त्यामुळे वाड्यातील कूपनलिकेच्या पाण्याचा आधार होता तोही गेला. गुरुवारी, कणीक मळून झाल्यावर, गॅसची टाकी संपली.

बडोद्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी एवढे सांगितले पाहिजे, की आमच्या गुजरातेत कामाला येणाऱ्या बाईलाही 'बेन', म्हणजे बहीण, असेच म्हणतात. आमचे आचरण आमच्या संबोधनाइतके चांगले असते, तर आजच्या या भाषणाची मला गरज पडली नसती.

मोठ्या संकटात माणसाचे मन आपोआप मोठे होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा नावगाव ठाऊक नसलेल्या माणसांनी दिलेली दुधाची पिशवी लोकांनी दोन्ही हातांनी, डोळ्यांत पाणी आणून घेतली. परंतु नळ कोरडा पडला तर? तेव्हा कोणाचे डोळे भरून येत नाहीत; फक्त आवाज चढतो. माझाही चढला. सोमवारी मी नळाला बोललो, मंगळवारी बेनना, बुधवारी विजेला, आणि गुरुवारी, बोलण्यासारखे दुसरे कोणी न उरल्यामुळे, पत्नीला.

त्यातल्या त्यात नळाच्या बाबतीत मला थोडी लाज वाटली, कारण या पाण्याचा इतिहास मी वर्षानुवर्षे शाळेत शिकवीत आलो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. पुढे सयाजीराव महाराज म्हणून त्यांनी जी कामे केली, त्यांत शहराच्या पूर्वेस सूर्या नदीवर मातीचा बांध घालून बांधलेला आजव्याचा तलाव हे एक मोठे काम. तेथील जमिनीची उंची अशी हेरली होती, की पाणी आपल्या उतारानेच शहराकडे चालत यावे. आता महीकाठच्या विहिरींचेही पाणी शहराला मिळते. पण आजवा अजून आपले काम करतोच आहे. ज्यांनी त्या बांधाची माती डोक्यावरून वाहिली, त्यांची नावे कोठे लिहून ठेवली आहेत? मी शिकवताना महाराजांचे नाव सांगितले, सन सांगितले आणि पुढल्या धड्याकडे वळलो. पाटीवाल्यांच्या नावांचा प्रश्न माझ्या मनात आला तो कोरड्या नळासमोर बसल्यावर, तोही तिसऱ्या दिवशी.

'कृतज्ञ' हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्याची फोड करून पाहण्याचे सुचत नाही. कृत म्हणजे केलेले. ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात हात जोडणे नाही, गहिवर नाही, आभार तर नाहीतच. आभाराचे आपण काय करून ठेवले आहे ते सर्वांना ठाऊक आहे: सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू झाले, की अर्धी मंडळी आपल्या चपला शोधू लागतात. कृतज्ञतेला आधी माहिती लागते. कोणी केले, काय केले, किती केले, हे ठाऊकच नसेल, तर माणूस कृतज्ञ होणार तरी कशाच्या आधारावर?

माझ्यापाशी ती माहिती नव्हती, हे मला बुधवारी संध्याकाळी कळले. पत्नीचे गुडघे दुखतात. तिला मोरीत बसवत नाही. म्हणून दोन दिवसांची साठलेली भांडी घेऊन मी बसलो. आम्ही दोनच माणसे, पण भांडी मोजली तर एकेचाळीस भरली. चहाच्या गाळणीत अडकलेली पूड कशी काढतात ते मला येत नव्हते. दुधाच्या पातेल्याची खरवड निघेना. कंबर धरली. मी रागाने म्हणालो, "दोन दिवसांचे पैसे कापून घे, आणि दुसरी कोणी मिळते का पाहा."

पत्नी काही बोलली नाही. तिचे हे न बोलणे मला चाळीस वर्षांच्या सहवासाने परिचयाचे आहे.

गुरुवारी फोन लागेना, म्हणून एकदाचा निकाल लावून यावा अशा विचाराने मी निघालो. निघताना लक्षात आले, की बेन राहतात कोठे हेच मला माहीत नाही. अकरा वर्षे ती बाई आमच्या घरी येते आहे, आणि ती 'नदीपलीकडून कोठून तरी' येते यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. पत्नीने मात्र वस्तीचे नाव सांगितले, गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे ती खूण सांगितली, आणि जाताना म्हणाली, "अहो, तिची मुलगी आजारी असेल. मागल्या आठवड्यात ताप आहे म्हणत होती."

गिरणी सापडली. दाराला कुलूप होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितले, मुलीला टायफॉइड झाला आहे, तिला सरकारी दवाखान्यात ठेवले आहे, आई तिच्या उशाशी बसून असते. त्या गल्लीत पाण्याचा टँकर उभा होता आणि घागरी-कळशांची रांग लागली होती. "इकडेही नळ फुटला वाटते?" मी विचारले. म्हातारीने माझ्याकडे पाहिले. नळ फुटण्यासाठी आधी तो असावा लागतो. जो माझा अडलेला आठवडा होता, तो त्या गल्लीचा नेहमीचा आठवडा होता.

येथे मोह होतो तो असा, की दुसऱ्याचे हाल पाहून आपण आपल्याला सुखी समजावे आणि देवाला हात जोडावे. पुष्कळ भले लोक असा उपदेश करतात. मला तो कधीच पटला नाही, आणि त्या गल्लीत उभा असताना तर मुळीच पटला नाही. कोणाच्या तरी रिकाम्या घागरीवरून आपल्या भरल्या पिंपाचा आनंद मानणे ही कृतज्ञता नव्हे. मी तेथे काही देवाचे उपकार मोजीत उभा नव्हतो. मी एकेचाळीस भांड्यांना अकरा वर्षांनी गुणण्याचा प्रयत्न करीत होतो, आणि तो हिशेब मला जमत नव्हता.

परतताना घर येईपर्यंत पैसे कापण्याची गोष्ट पुन्हा काढावयाची नाही असे ठरले होते. घरी पोहोचलो तो जिन्यात शेजारच्या काकींचे ताट झाकून ठेवलेले: थेपले, छुंदा आणि खाली एक पाण्याने भरलेला तांब्या. त्यांच्याकडेही पाणी नव्हतेच.

शुक्रवारी गॅसची टाकी आली. शनिवारी नळाला पाणी आले. खरे सांगतो, पहिली धार पाहून मला इतका आनंद झाला, की मी पत्नीला हाक मारून बोलावले. आणि पाचच मिनिटांत, पाणी गढूळ आहे म्हणून माझी कुरकुर सुरू झाली.

पुढल्या गुरुवारी बेन आल्या. चेहरा ओढलेला होता. पायरीवरूनच त्या म्हणाल्या, "काका, माफ करजो, बहु खाडा पडी गया." खाडा हा शब्द आमच्या दोन्ही भाषांत एकच आहे. मला कितीतरी बोलावयाचे होते. मराठीत नाही, गुजरातीत नाही, कोणत्याच भाषेत ते जुळेना. पत्नीने पैशांचे पाकीट आधीच तयार ठेवले होते. त्यात एकही दिवस कापलेला नव्हता, वर काही घातलेले होते. ते तिने दिले. मी एवढेच विचारले, "मुलगी कशी आहे? आणि तिचे नाव काय?"

बेन क्षणभर थांबल्या. मग त्यांनी नाव सांगितले, आणि ती आठवीत आहे, गणितात हुशार आहे, पंधरा दिवसांची शाळा बुडाली आहे, असेही सांगितले. मी निवृत्त झालो असलो, तरी आठवीचे गणित अजून विसरलेलो नाही. तिला रविवारी घेऊन या, असे मी म्हणालो. तेवढ्यात नळ वाजू लागला, आणि आम्ही तिघेही बादल्या आणावयास उठलो.